वाचक विचारतात: कासवाची अंडी, खाडीतले कांदळ आणि धुपणारी पुळण

कासवांच्या विणीचा हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे या अंकासाठी आलेल्या पत्रांत कासवं सर्वांत पुढे आहेत. त्याखालोखाल कांदळवन आणि किनाऱ्याची धूप. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक सांगणं आहे. सागरी कासवं, गादा म्हणजे डॉल्फिन, देवमासे आणि व्हेल शार्क हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांना किंवा त्यांच्या अंड्यांना हात लावण्याआधी वनरक्षकाला कळवणं भाग आहे. कोणाचा नंबर जवळ नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. मजकुरात पुन्हा पुन्हा लिहिलेलं नसलं तरी खालची प्रत्येक कृती वनविभागाला बरोबर घेऊनच करायची आहे.

आमच्या गावात हॅचरी (कासवाची अंडी राखून उबवण्याची जागा) नाही. पहाटे पुळणीवर कासवाचे माग दिसतात. अंडी काढून घरामागच्या वाळूत पुरली तर चालेल का? शेजारच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तसं केलं होतं, पण एकही पिल्लू निघालं नाही. (एक वाचक, दापोली तालुका)

घरामागे अजिबात नको. शेजारच्या वाडीत पिल्लं का निघाली नाहीत, त्याचं कारण बहुधा अंडी हलवण्याच्या वेळेत आहे.

अंडं घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ वरच्या बाजूला सरकतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडीच्या अंड्यात बलक जागेवर धरून ठेवणारे दोन पीळदार धागे असतात. कासवाच्या अंड्यात ते नसतात. त्यामुळे चिकटलेल्या अवस्थेत अंडं फिरलं की पापुद्रा फाटतो, किंवा गर्भ बलकाखाली दबून गुदमरतो. अंडं वरून शाबूत दिसतं. मेलेलं आहे हे दोन महिन्यांनी कळतं.

ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवाची मादी रात्री वर येते, तासाभरात खड्डा, अंडी, बुजवणं उरकते आणि परत जाते. ती एक वाजता येऊन गेली आणि तुम्ही सहाला माग पाहिला, तर पाच तास गेलेले असतात. अंडी हलवायची तर घातल्यापासून दोन-तीन तासांत हलवणं सर्वांत चांगलं. सहा तासांनंतर पहिले तीन आठवडे हात न लावलेलाच बरा. म्हणून हॅचरी चालवणारे कासवमित्र रात्री आणि पहाटे अंधारातच गस्त घालतात.

पण त्याआधीचा प्रश्न असा की अंडी हलवायची गरज आहे का? घरटं उधाणाच्या भरतीच्या रेषेच्या वर असेल आणि कुत्र्या-कोल्ह्यांचा फार त्रास नसेल, तर ते जिथं आहे तिथंच ठेवणं उत्तम. वरून एक मीटर बाय एक मीटर लोखंडी जाळी घालावी आणि कडा फूटभर वाळूत गाडाव्यात. जाळीची भोकं ७-८ सेंटिमीटरची असावीत, म्हणजे कुत्र्याचं तोंड आत जात नाही आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. याहून बारीक जाळी लावून कोणी निघून गेलं, तर पिल्लं खाली अडकून सकाळच्या उन्हात मरतात. खुणेचा खांब घरट्यापासून मोजून दोन मीटर बाजूला रोवावा. घरट्यावरच खांब रोवणं म्हणजे अंडी चोरणाऱ्याला पत्ता देणं.

हलवावंच लागलं तर क्रम असा. मागाच्या टोकाला विस्कटलेल्या वाळूचा पट्टा दिसतो. त्यात बोटांनी चाचपत जिथं वाळू भुसभुशीत लागते तिथं खणावं. काठी खुपसून शोधण्याची सवय अनेकांना असते, पण अनुभव नसेल तर पहिल्याच दणक्यात दोन-तीन अंडी फुटतात आणि त्यांच्या वासावर मुंग्या येतात. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू घालावी. अंडी एकेक उचलून, वरची बाजू वरच ठेवून, न फिरवता रचावीत. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. ती मोजून लिहावीत. बादली हातात धरून चालत न्यावी. मोटारसायकलच्या हिसक्यांनी केलेलं सगळं वाया जातं.

हॅचरीतला खड्डा मादीने केला असता तसाच हवा, म्हणजे तोंड हात जाईल एवढं, तळाशी फुगीर, खोली दीड फूट. अंडी ठेवली की आधी घरट्यातून आणलेली ओली वाळू घालावी आणि मग वरची कोरडी. दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर असावं. अंडी श्वास घेतात आणि शेवटच्या पंधरवड्यात घरटं स्वतःच तापतं. दाटी झाली की मधल्या खड्ड्यांतली पिल्लं कमी निघतात. हॅचरीची जागा दर वर्षी बदलावी. तेवढी पुळण नसेल तर दोन फुटांपर्यंतची वाळू काढून नवी घालावी, कारण फुटक्या कवचांवर वाढलेली बुरशी पुढच्या हंगामापर्यंत तिथंच राहते.

तापमानाकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होतं. पिल्लू नर होणार की मादी हे अंडी उबण्याच्या मधल्या काळातल्या वाळूच्या उष्णतेवर ठरतं. २९-३० अंशांच्या वर माद्या वाढत जातात, खाली नर. पस्तीसच्या आसपास सलग तापलेल्या घरट्यात गर्भ मरायला लागतात. म्हणून दीड फूट खोलीवर थर्मामीटरची तार पुरून रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळू तापू लागली की हॅचरीच्या अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट घालावी. सगळ्या भागावर आणि पहिल्या दिवसापासून घालू नये, त्याने नरच जास्त होतील. पाणी शिंपडायचं तर गोडं आणि हलकं. घागरी ओतल्या तर अंडी बुडून मरतात.

अंडी ४५ ते ६० दिवसांत उबतात. पंचेचाळिसाव्या दिवसापासून प्रत्येक घरट्यावर टोपली किंवा जाळीचं कडं ठेवावं आणि रात्रीही तपासावं. पिल्लं वर आली की तासाभरात सोडावीत. बाहेर पडल्यावर पहिलं दिवसभर ती झपाट्याने पोहतात आणि त्यासाठीची सगळी शक्ती पोटात राहिलेल्या बलकातून येते. टबात पाणी घालून पर्यटकांना दाखवण्यासाठी सकाळपर्यंत ठेवलेली पिल्लं ती शक्ती टबातच संपवतात. पाण्यापासून दहा-पंधरा मीटरवर ओल्या वाळूत ठेवावीत आणि चालत जाऊ द्यावीत. हातात घेऊन फोटो नाहीत, फ्लॅश नाही, आणि मधे कोणी उभं राहायचं नाही, कारण पायांचे खड्डे पिल्लांना ओलांडता येत नाहीत. सोडण्याची जागा रोज शंभर पावलं बदलावी. एकाच जागी सोडत राहिलं तर मोठे मासे तिथं येऊन थांबायला शिकतात.

शेवटचं पिल्लू निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून रिकामी कवचं, न उबलेली अंडी आणि आत मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजावीत. काय चुकतंय ते या तीन आकड्यांवरूनच कळतं. पहिल्याच अवस्थेत मेलेली अंडी जास्त असतील तर दोष हलवण्यात आहे. पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेली असतील तर उष्णता, पाणी किंवा दाटी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून गावाने हे काम उभं केलं आहे. तिथं हंगामात जाऊन दोन दिवस हाताखाली काम करावं आणि मगच आपल्या गावात सुरुवात करावी.

शाळेने ५ जूनला, पर्यावरण दिनी, खाडीच्या चिखलात कांदळाची रोपं लावली. दिवाळीपर्यंत एकही उरलं नाही. रोपं खराब होती का? (एक शिक्षिका, राजापूर तालुका)

रोपांपेक्षा जागा चुकली असण्याची शक्यता फार जास्त आहे. ओहोटीला उघडा पडणारा मऊ, मोकळा चिखल पाहिला की तो रिकामा वाटतो आणि तिथं लावण्याचा मोह होतो. पण कांदळवनाच्या खालच्या कडेपलीकडे जो चिखल आहे तिथं झाड नाही, कारण तिथं पाणी दिवसातला फार मोठा वेळ उभं असतं. रोपाची पानं बुडालेली राहतात, देठावर शेवाळ आणि होडीच्या बुडाला धरतात तशी धारदार कवचं धरतात आणि रोप वजनाने आडवं होतं. शिवाय तो चिखल रिकामा नसतो. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, निवट्या मासे, हिवाळ्यात येणारे चिखलपक्षी, सगळे त्याच्यावर जगतात.

जागा तपासायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी पुरते. जवळच्या निरोगी कांदळवनात सर्वांत खालच्या झाडाच्या बुंध्याशी नळीचं एक टोक धरा आणि दुसरं तुमच्या जागेत. तुमचा चिखल त्या बुंध्यापेक्षा खाली असेल तर तिथं लावू नका. हे काम दोघांना जमतं आणि अर्ध्या तासात होतं. हे न करता लावलेली रोपं सणापुरतीच असतात.

जागा उंचीने योग्य आहे, आसपास बी देणारी झाडं आहेत, तरीही काही उगवत नाही, असं असेल तर अडथळा शोधा. कोकणात तो बहुतेक वेळा पाण्याचा असतो. रस्त्याच्या भरावाखालची बुजलेली मोरी, खारबांधाची बंद पडलेली उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचं फळीचं दार), किंवा कोलंबीच्या तलावाचा सोडून दिलेला बांध. पाणी आत येतं पण बाहेर जात नाही, उन्हाळ्यात साठलेलं पाणी आटून खारटपणा वाढतो आणि रोपं करपतात. मोरी मोकळी करून, हाताने दीड-दोन फूट खोल चर काढून भरती-ओहोटी पूर्ववत केली की पुढच्याच पावसाळ्यात तिवराचं, म्हणजे कांदळवनातल्याच दुसऱ्या एका झाडाचं, बी वाहत येऊन आपोआप रुजतं. अशी आपोआप आलेली झाडं लावलेल्यांपेक्षा चिवट निघतात. मात्र उघाडीमागे कोणाची खारजमीन, भातशेती असेल तर त्यांच्या संमतीशिवाय फळीला हात लावू नये.

लावायचंच असेल तर खाडीकाठच्या मऊ गाळात कांदळ. त्याच्या लांब शेंगेसारख्या अंकुरावर, फळाच्या टोपीखाली, पिवळसर कडं दिसलं आणि हलक्या पिळाने तो सुटून आला की तो तयार समजावा. ओढून काढलेले हिरवे अंकुर रुजत नाहीत. ओल्या गोणपाटात सावलीला तीन-चार दिवस ठेवले तर खेकडे ते कमी खातात. लावताना लांबीचा एक तृतीयांश भाग चिखलात सरळ सारायचा, टोकदार बाजू खाली, दोन रोपांत दीड मीटर. तिवर मात्र खोचायचा नाही. त्याचं बी रात्रभर पाण्यात ठेवून साल सुटली की गाळ भरलेल्या पिशवीत वरवर ठेवायचं आणि चार-पाच पानांचं रोप झालं की जागेवर न्यायचं. आत, कमी वेळा भिजणाऱ्या कडेला हुरा आणि मारांडी आपले आपण येतात. हुऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यांना जोराची इजा होते, मुलांना त्या बाजूला पाठवू नका.

तारीख ५ जून न धरता पंचांग पाहून धरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी असते. तेव्हा लावलेल्या अंकुराला पुढच्या उधाणापर्यंत मुळं धरायला आठवडा मिळतो. अमावास्या-पौर्णिमेला लावलेले दुसऱ्याच दिवशी तरंगत परत येतात. त्यानंतर पहिली दोन वर्षं महिन्यातून एकदा मुलांकडून प्लास्टिक आणि शेवाळ काढून घ्या, आणि जिथं गुरं येतात तिथं काटेरी फांद्यांचं कुंपण करा.

जाळ्यात आलेलं कासव हालचाल करत नाही. मेलं म्हणून फेकून द्यायचं का? आणि जाळं फाडलं तर नुकसान कोण भरून देणार? (एक तांडेल, मालवण तालुका)

फेकू नका. बराच वेळ पाण्याखाली जाळ्यात अडकलेलं कासव बेशुद्ध होतं आणि तासन्‌तास मेल्यासारखं दिसतं. तसंच पाण्यात टाकलं तर ते नक्की बुडतं.

त्याला पोटावरच ठेवा. उताणं करून छातीवर दाबायचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याने आतड्यांना आणि फुप्फुसांना इजा होते. मागची बाजू डोक्यापेक्षा किमान सहा इंच वर येईल अशी फळी किंवा गुंडाळलेलं जाळं खाली द्या, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओला कपडा टाका, नाकपुड्या उघड्या ठेवा. पाणी पाजू नका, तोंडात बोट घालू नका. मधूनमधून शेपटीला किंवा डोळ्याच्या कडेला हलका स्पर्श करून प्रतिसाद बघा. चार तासांत हललं नाही तरी चोवीस तासांपर्यंत वाट पाहा. शुद्धीवर आलं की इंजिन न्यूट्रलला टाकून, जाळी वर असताना, होडीच्या मागच्या बाजूने हळू पाण्यात सोडा.

कासवाच्या पुढच्या वल्ह्याला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, धातूची पट्टी दिसली तर तिच्यावरचा नंबर लिहून घ्या किंवा फोटो काढा, पट्टी काढू नका. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या कासवांचा असा संबंध केवळ त्या नंबरामुळे कळला.

भरपाईची सोय आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केलेल्या योजनेत संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. अडचण पुराव्याची येते. म्हणून प्राणी जाळ्यात असताना, जाळं कापताना आणि प्राणी सुटून जाताना असे तिन्ही वेळचे फोटो किंवा एक सलग व्हिडिओ हवा, आणि बोटीचा नोंदणी क्रमांक त्यात दिसायला हवा. कापलेलं जाळं किनाऱ्यावर आणा. समुद्रात सोडलेला तुकडा पुढचं कासव अडकवतो.

सुरूची बाग दर पावसाळ्यात पडते आहे. ग्रामपंचायत दगडी बंधाऱ्याच्या विचारात आहे. योग्य आहे का? (अनेक वाचक)

आधी मोजा. पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू उथळ समुद्रात ओढून नेतात आणि ऑक्टोबरनंतर शांत लाटा तीच वाळू परत आणतात. ऑगस्टमध्ये किनारा पाहून घेतलेला निर्णय निम्म्या चित्रावर घेतलेला असतो. गावातल्या पक्क्या खुणेपासून, देवळाच्या पायरीपासून म्हणा, झाडीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि मे महिन्याची तुलना पुढच्या मे महिन्याशी करा. तीन वर्षं सलग कमी होत असेल तर खरी धूप. मग जवळपास वाळूउपसा, जेटी किंवा खाडीच्या तोंडाशी काही बांधकाम झालं आहे का ते बघा.

दगडी भिंतीवर आदळलेली लाट परतताना भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे शेजारच्या वाडीला, धूप वाढते. पुळण गेली की कासवाला वर यायला जागा उरत नाही. लाटा घरांच्या पायाशी आल्या असतील तर भिंतीशिवाय इलाज नसतो हे मान्य. पण मागे मोकळी जमीन असताना तिची घाई आमच्या मते चुकीची आहे.

सुरूची मुळं वरच्या थरात पसरतात आणि खाली साठलेल्या काड्यांच्या गादीत दुसरं काही उगवत नाही. त्यामुळे वाळूचा कडा ढासळला की रांगच्या रांग पडते. पडलेल्या जागी पुन्हा सुरू लावण्यापेक्षा समुद्राकडच्या पहिल्या उंचवट्यावर मर्यादवेल, तिच्यामागे केवडा आणि त्यामागे उंडी, भेंडी अशी रचना टिकते. मर्यादवेलीचे हातभर लांब तुकडे घ्यावेत, तीन-चार पेरांचे. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर दोन पेरं वाळूत आडवी गाडून टोक बाहेर ठेवावं. वेल वाळू धरते आणि वाळू साठली की तिच्या वर येऊन पुन्हा पसरते.

वेल धरेपर्यंत माडाच्या झावळ्यांची कुंपणं करता येतात. उंची मीटरभर, आणि विरळ विणलेली, निम्मा वारा आरपार जाईल अशी. घट्ट विणलं तर वारा वरून उडी मारतो आणि कुंपणाचाच पाया उकरतो. सलग लांब कुंपण कधीच नको. झाडीच्या कडेला तीन-चार मीटरचे तुकडे, मधे दोन मीटर मोकळी वाट, नाहीतर कासवाची मादी अडून परत जाते.

किनारा स्वच्छ करायला जेसीबी लावला तर काम पटकन होईल ना? (एक रिसॉर्टचालक, गुहागर तालुका)

विणीच्या हंगामात नको. चाकांनी वाळू दबते, घरटी चिरडतात आणि चाकोऱ्यांत पिल्लं अडकतात. प्लास्टिक, काच आणि जाळ्यांचे तुकडे हाताने वेचावेत. वाहून आलेलं शेवाळ मात्र तिथंच राहू द्यावं, किनारी पक्षी आणि वाळूतले किडे त्याच्यावर जगतात. तुमच्या बाबतीत कचऱ्यापेक्षा दिवे महत्त्वाचे आहेत. पिल्लं उजेडाकडे जातात. समुद्राकडे तोंड असलेले पांढरे एलईडी काढून कमरेच्या खाली, वरून झाकलेले पिवळट दिवे लावा आणि खोल्यांचे पडदे संध्याकाळीच ओढायला सांगा. पाण्याच्या रेषेवर उभं राहून हॉटेलकडे बघा. एकही उघडा बल्ब दिसला नाही की काम झालं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर मेलेली कासवं येतात. ती नुसती पुरायची की काही नोंद करायची? (एक वाचक, वेंगुर्ला)

नोंद अवश्य करा, कारण मासेमारीत किती कासवं मरतात याचा अंदाज त्यावरूनच येतो. तारीख, जागा, वरून, खालून आणि डोक्याचे असे तीन फोटो. मानेवर किंवा वल्ह्यांवर दोरीचे वळ, जखमा, तोंडात गळ आहे का ते पाहा. पाठीची लांबी कवचाच्या वरच्या काठापासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून मोजायची. ऑलिव्ह रिडलेत पूर्ण वाढीला ती ६० ते ७० सेंटिमीटर भरते. टेप नसेल तर सुतळी धरून गाठ मारा आणि घरी मोजा. हातमोजे घाला. माहिती वनविभागाला कळवा आणि त्यांनी सांगितल्यावरच भरतीरेषेच्या वर चार फूट खोल पुरा. पुरायला उशीर होणार असेल तर कवचावर ऑइलपेंटची ठळक खूण करा, म्हणजे लाटेने पुढच्या गावी नेलं तरी तेच कासव दुसऱ्यांदा मोजलं जाणार नाही.